फळ आणि बिस्किटांचा घरगुती मिल्कशेक: फळ कोणते घ्यावे, दूध कसे असावे, बिस्किट केव्हा घालावे?

रानजाई

फळ, दूध आणि बिस्किट एकत्र फिरवून केलेला मिल्कशेक मुलांच्या हट्टामुळे आता बहुतेक घरांत होतो. परंतु त्याबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पेल्यात ओतून थोडा वेळ झाला की त्याची लापशी होते, ही पहिली. फळाची चव कुठेच लागत नाही, लागते ती केवळ साखर आणि बिस्किटातला व्हॅनिलाचा वास, ही दुसरी. माझ्या मते या दोन्ही तक्रारी साहित्यामुळे उद्भवत नाहीत, त्या क्रमामुळे उद्भवतात. सगळे जिन्नस एकदम भांड्यात टाकून मिक्सर सुरू केला की बिस्किटातला मैदा दूध शोषून घेतो, त्याचे बारीक पीठ होते, आणि फळ त्या पिठाखाली दडपले जाते.

उदाहरणासाठी मी चिकू घेते, कारण या कामासाठी त्याच्याइतके सोयीचे फळ मला दुसरे दिसत नाही. त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे दूध फाटण्याची भीती नाही. आणि त्याच्या गराला मुळातच गुळासारखी, किंचित भाजकी चव असते, जी बिस्किटाच्या भाजकेपणाशी सहज जुळते. दोन मोठ्या पेल्यांसाठी चार मध्यम चिकू (साल आणि बिया काढून साधारण २०० ग्रॅम गर), ३०० मिलिलिटर तापवून पूर्ण गार केलेले दूध, ३० ते ३५ ग्रॅम बिस्किटे आणि मिठाची अगदी लहान चिमूट एवढे साहित्य पुरते. साखर घालू नये. पिकलेल्या चिकूत ती भरपूर असते, आणि उरलेली कसर बिस्किट भरून काढते.

दुधापैकी निम्मे दूध आदल्या रात्री बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावे आणि पाण्याचा बर्फ अजिबात वापरू नये. बर्फ फिरताना वितळतो आणि तयार शेक पातळ करतो; दुधाचे खडे वितळले तरी दूधच होते. प्रथम चिकूच्या फोडी आणि चार चमचे दूध एवढेच भांड्यात घेऊन गर अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवावा. येथे दूध अधिक घातले तर फोडी पात्याभोवती नुसत्या पोहत राहतात आणि शेवटी पेल्यात गुठळ्या सापडतात. गर एकजीव झाला की उरलेले गार दूध, गोठलेले खडे आणि मीठ घालून वीस-पंचवीस सेकंद फिरवावे. खडे मात्र आधी दहा मिनिटे बाहेर ठेवावेत किंवा फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडावेत, कारण दगडासारख्या घट्ट खड्यांवर मिक्सर चालवला की भांड्याखालचा कपलर तुटतो.

बिस्किटे सर्वांत शेवटी. ती हाताने मोडून घालावीत आणि मिक्सरचे बटण उलट्या बाजूला क्षणभर फिरवून सोडावे. असे दोन-तीन वेळा केले की पुरे. भरड रव्यापेक्षा मोठे, तुरीच्या डाळीएवढे तुकडे शेकमध्ये दिसले पाहिजेत. हे तुकडे दोन-चार मिनिटांत बाहेरून मऊ होतात आणि आतून कुरकुरीत राहतात, आणि शेकची खरी गंमत तेवढ्याच वेळात असते. म्हणून पिणारी मंडळी बसल्यावरच बिस्किट घालावे.

बिस्किट कोणते, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. चिकूला साधे ग्लुकोज बिस्किट उत्तम, केळ्याला चॉकलेटचे. क्रीमचे बिस्किट घ्यायचे असेल तर मधले क्रीम सुरीने खरवडून आधीच्या टप्प्यात गराबरोबर फिरवावे. ते क्रीम म्हणजे मुख्यतः पिठीसाखर आणि घट्ट वनस्पती तेल असते. थेट गार दुधात पडले की त्याच्या पांढऱ्या कण्या होतात आणि त्या टाळ्याला चिकटतात.

आपापले अनुभव आणि पर्याय जरूर लिहावेत.

फोडणी

क्रमाचा मुद्दा पूर्णपणे पटला. एक शंका आहे. आमच्याकडे म्हशीचे दूध येते, ते तापवून फ्रिजमध्ये ठेवतो आणि शेक करताना सायीसकट घेतो, कारण दाटपणा यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पेल्याच्या वरच्या बाजूला पिवळसर कण तरंगतात आणि ते ओठांना तेलकट लागतात. दूध नासलेले नसते, वासही चांगला असतो. हे कशामुळे होत असावे?

रानजाई

ते लोणी आहे. साय आणि थंडगार पातळ दूध घेऊन आपण जेव्हा मिक्सर फिरवतो तेव्हा ताक घुसळण्याचेच काम करत असतो, आणि दूध साधारण दहा ते पंधरा अंशांच्या आसपास असेल तर लोणी सर्वांत लवकर सुटते. फ्रिजमधून काढलेले दूध ओट्यावर थोडा वेळ राहिले की नेमके तेवढ्यावर येते. त्यामुळे साय काढून घ्यावी आणि दूध अगदी गार असतानाच वापरावे. सायीचा दाटपणा हवाच असेल तर ती चमचाभर साखरेबरोबर वाटीत हाताने फेटावी आणि तयार शेकवर वरून सोडावी. मिक्सरमध्ये मात्र ती जाऊ देऊ नये. म्हशीच्या दुधात स्निग्धांश मुळातच जास्त असल्याने साय काढूनही शेक दाटच होतो.

घोलवडकर

चिकूचा विषय निघाला म्हणून आमच्या भागातली माहिती देतो. डहाणू-घोलवड पट्ट्यातल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि येथे प्रामुख्याने कालीपत्ती जातीची लागवड आहे. शेकसाठी ही जात फार चांगली, कारण गर गोड आणि मऊ असतो आणि बिया मोजक्याच असतात.

शहरात लोक कडक चिकू विकत घेतात आणि घरी आल्यावर सरळ फ्रिजमध्ये टाकतात, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते. चिकू झाडावर पिकत नाही, तो काढल्यावर पिकतो. आणि कच्चा असताना थंडीत ठेवला तर तो नीट पिकतच नाही, आतून रबरासारखा राहतो. पिकेपर्यंत तो टोपलीत, कागदात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवावा, बोटाने दाबल्यावर किंचित दबला की मग एक-दोन दिवस फ्रिज चालेल. घेताना अंगठ्याच्या नखाने सालीला हलकेच खरवडून पाहावे. खाली हिरवे दिसले तर फळ कोवळेच उतरवलेले आहे, आणि असे फळ कितीही दिवस ठेवले तरी त्याचा तुरटपणा जात नाही. त्या तुरटपणामुळे शेक प्यायल्यावर जिभेवर लेप बसल्यासारखे वाटते, आणि साखर वाढवून तो झाकला जात नाही. पिकलेल्या फळातही देठाजवळचा चिकट भाग काढून टाकलेला बरा.

साधा माणूस

मी थोडे विरोधी मत नोंदवतो, राग नसावा. फळ उत्तम असेल तर त्यात बिस्किट कशासाठी? पुण्यात मस्तानी मिळते. त्यात दाट आंब्याचे दूध, वर आइस्क्रीमचा गोळा आणि थोडा सुकामेवा असतो, आणि तिला बिस्किटाची उणीव कधी भासलेली नाही. घरोघरी केळ्याचे शिकरण होते, त्यातही कुणी बिस्किट चुरत नाही. ओरिओ २०११ मध्ये भारतात विक्रीला आले, आणि त्यानंतर रसवंतीपासून कॅफेपर्यंत जिकडेतिकडे दुधात काळा चुरा दिसू लागला. ही चव फळाची नाही, पाकिटाची आहे. हापूसच्या गरात चॉकलेटचे बिस्किट घालणे तर मला अन्याय वाटतो.

रानजाई

हापूसबाबत आपण म्हणता ते शंभर टक्के मान्य. कोकोचा कडवटपणा हापूसचा सुगंध मारून टाकतो, आणि शेवटी आंबाही लागत नाही आणि चॉकलेटही लागत नाही. केळ्याच्या आणि चिकूच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. ही दोन्ही फळे एकसुरी गोड आहेत. अर्धा पेला संपला की जीभ कंटाळते, आणि तेथे भाजलेल्या मैद्याची खमंग चव आणि दाताखाली येणारा तुकडा यांची मदत होते. शिकरणाबरोबर आपण पोळी खातोच की. नुसते शिकरण वाटीभर पिणारे लोक मी फारसे पाहिलेले नाहीत.

आंब्यालाही बिस्किटाचा जोडीदार हवाच असेल तर बेकरीतली नानकटाई घेऊन पाहावी. तिच्यातली वेलची किंवा जायफळ आंब्याला शोभते. फक्त ती तुपाची असते, आणि तूप थंडीत थिजते, म्हणून तिला मिक्सर दाखवू नये. पेल्यात शेक ओतल्यावर वरून एखादीच चुरावी.

मंजिष्ठा

मुळात दूध आणि फळ हा विरुद्ध आहार आहे, याचा उल्लेख धाग्यात कुठेच आलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध अन्नाचे विवेचन आहे आणि आंबट द्रव्ये दुधाबरोबर घेऊ नयेत असे त्यात स्पष्ट सांगितलेले आहे. आमच्या घरी त्यामुळे अननस, संत्रे, स्ट्रॉबेरी यांचे शेक होत नाहीत. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सोडून द्यावे, पण नोंद असावी म्हणून लिहिले.

सामू सात

मंजिष्ठाताईंनी सांगितलेल्या पथ्याच्या वैद्यकीय बाजूविषयी मी बोलणार नाही. पण नेमकी हीच फळे शेकमध्ये त्रास देतात, हे स्वयंपाकाच्या अंगानेही खरे आहे, आणि त्याची कारणे दोन वेगवेगळी आहेत.

पहिले कारण आम्लता. दुधातले केसीन हे प्रथिन सामू (म्हणजे पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या आसपास आला की एकत्र गोळा होते, म्हणजेच दूध फाटते. स्ट्रॉबेरीचा सामू तीन ते साडेतीनच्या दरम्यान असतो, त्यामुळे ती पुरेशा प्रमाणात पडली की दूध या रेषेकडे सरकते. येथे थंडी उपयोगी पडते: अगदी गार दुधात आम्लता वाढली तरी केसीन लगेच गोळा होत नाही, दूध कोमट होऊ लागले की होते. म्हणून स्ट्रॉबेरीचा शेक फ्रिजमधून काढल्यावर ठीक दिसतो आणि टेबलावर विसरला की कणीदार होतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात मुबलक मिळते तेव्हा ती थोड्या साखरेबरोबर पातेल्यात पाच-सात मिनिटे शिजवून, पूर्ण गार करून, बेताने दुधात घालावी आणि शेक लगेच प्यावा. शिजवल्याने आम्ल जात नाही, पण पाणी आटते आणि कमी फळात जास्त चव येते, त्यामुळे दुधात पडणारे आम्लही आपोआप कमी होते.

दुसरे कारण अगदी निराळे आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन ही प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. ती दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. अननसाचा शेक केल्या केल्या छान लागतो आणि थोड्या वेळाने कडवट होतो, त्याचे कारण हेच. त्यात साखर किंवा बिस्किटे वाढवून काही साधत नाही. अननसाच्या फोडी थोड्या पाण्यात पाच मिनिटे खळखळून उकळल्या तर उष्णतेने हे विकर निकामी होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने त्याचा हा त्रास होत नाही. ताज्या अंजिराच्या चिकातही फिसिन नावाचे असेच विकर असते, म्हणून पुरंदरचे ताजे अंजीर शेकमध्ये घालताना ते पूर्ण पिकलेले असावे आणि देठ काढलेले असावे. भिजवलेल्या सुक्या अंजिराचा शेक अधिक भरवशाचा आहे, आणि त्याच्या बारीक बिया बिस्किटाच्या तुकड्यांबरोबर चांगल्या लागतात.

मंजिष्ठा

इतक्या सविस्तर माहितीबद्दल आभार. अननस उकळून पाहण्याचा विचार करीन. स्ट्रॉबेरीचे मात्र आमच्याकडे सरबतच होईल.

दुपारची झोप

सीताफळाबद्दल कुणी लिहावे. गर काढण्यातच अर्धा दिवस जातो, म्हणून घरातल्या एका थोर व्यक्तीने बियांसकट मिक्सर फिरवण्याची सूचना केली आहे. मी सध्या ती स्थगित ठेवली आहे.

फोडणी

ती कायमची स्थगित ठेवा. सीताफळाची बी फुटली तर शेक कडू होतोच, शिवाय ती विषारी असते; तिची पूड डोळ्यांना घातक आहे, हे जुन्या पिढीला उवांच्या औषधामुळे ठाऊक होते. सोपी रीत अशी: पिकलेल्या सीताफळाचा गर बियांसकट चमच्याने खोलगट पातेल्यात काढावा, त्यात वाटीभर गार दूध घालावे आणि लाकडी रवीने हलक्या हाताने घुसळावे. बिया गरापासून मोकळ्या होऊ लागतात. मग ते मोठ्या भोकांच्या चाळणीवर ओतून हाताने फिरवावे. पुरणाच्या यंत्राची जाड जाळी मिळाली तर फारच उत्तम. बारीक गाळणी घेऊ नये, कारण सीताफळाच्या पाकळ्या गाळणीवर अडकल्या तर उरते काय? या शेकला मिक्सर लागतच नाही. बिस्किटही नावालाच, तेही साधे मारी. सीताफळाचा गर रवाळ असल्याने दोन्हींचे कण एकमेकांत हरवतात.

अटलांटिकपार

आम्ही अमेरिकेत राहतो, त्यामुळे भारतातल्या पाककृती येथे करताना दाटपणा कमी पडतो असा अनुभव आहे. येथे होल मिल्क म्हणून जे दूध मिळते त्यात स्निग्धांश सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतो, तर भारतातल्या फुल क्रीम दुधात तो किमान सहा टक्के असतो. ही उणीव बहुतेक लोक आइस्क्रीम घालून भरून काढतात. मी ती गोठवलेल्या केळ्यांनी भरून काढते. सालीवर तपकिरी ठिपके आलेली केळी सोलून, चकत्या करून, एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने ताटात पसरून गोठवावीत आणि मग पिशवीत भरावीत. अशा चकत्या थेट दुधात फिरवल्या की शेक आइस्क्रीमशिवाय चमच्याने खाण्याइतका घट्ट होतो. सालीसकट केळे गोठवू नये. नंतर ती साल निघता निघत नाही.

ताजा चिकू येथे क्वचितच दिसतो, पण भारतीय दुकानांच्या फ्रीझरमध्ये त्याच्या गोठवलेल्या फोडी मिळतात. त्या अर्धवट वितळू देऊन रानजाईंच्या क्रमाने केले तर दुधाचे खडे वेगळे करावे लागत नाहीत. पारले-जी मात्र जवळजवळ प्रत्येक भारतीय दुकानात असते, आणि पार्ल्यात वाढलेल्या माणसाला त्याऐवजी दुसरे बिस्किट सुचणे कठीण आहे. मुंबईत विलेपार्ल्याला असलेला पारले-जीचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्याआधी स्टेशनवर उतरताच भाजणीचा गोड वास यायचा.

साधा माणूस

माझ्या विरोधाचा आवाज थोडा कमी करतो. काल उरलेल्या केळ्यांचा शेक धाग्यातल्या क्रमाने केला आणि त्यात ग्लुकोज बिस्किटे भरड ठेवली. बरा लागला. हापूसचा मुद्दा मात्र मागे घेणार नाही.

चाळिशी पार

माझा प्रश्न साखरेविषयी आहे. घरात दोघांना मधुमेह आहे. बिस्किटाऐवजी खजूर आणि साखरेऐवजी मध घातला तर हा शेक त्यांना चालेल का?

सामू सात

खजूर आणि मध या दोन्हींतही साखरच असते, त्यामुळे या बदलाने पेला हलका होत नाही. ग्लुकोज बिस्किटाच्या पाकिटावरचा तक्ता पाहिला तर वजनाच्या साधारण पाव हिस्सा साखर दिसेल, क्रीमच्या बिस्किटात ती त्याहून जास्त असते, आणि मैदाही पचल्यावर साखरच होतो. चिकू आणि पिकलेले केळे तर गोडच. त्यांच्यासाठी किती आणि काय चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. अगदी घोटभर चव द्यायची असेल तर साधे दूध, थोडे सुके अंजीर आणि वर एकाच बिस्किटाचा चुरा एवढ्यावर थांबणे बरे, पण तेही विचारूनच.

दुपारची झोप

रवी आणि पुरणाची जाळी वापरून सीताफळाचा शेक पार पडला. बियांसकट मिक्सरची सूचना करणाऱ्या व्यक्तीने दोन पेले घेतले आणि जाळी धुण्याच्या वेळी फोन आला.

अबोली

येत्या रविवारी मुलीच्या वाढदिवसाला पंधरा-सोळा मुले येणार आहेत. एवढ्या प्रमाणात हा शेक आधी करून ठेवता येईल का? शिवाय आमच्या मिक्सरच्या भांड्याला लसणाच्या चटणीचा वास आहे, तो दुधात उतरेल अशी भीती वाटते.

रानजाई

वासाचे आधी सांगते. तो स्टीलमध्ये राहत नाही, झाकणाच्या रबरी रिंगेत राहतो. रिंग काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवावी आणि उन्हात वाळवावी. तरीही वास राहिला तर नवी रिंग भांड्यांच्या दुकानात मिळते.

मुलांसाठी सोळा लहान पेले धरले तर प्रत्येकी दीडशे मिलिलिटर पुरते. केळी किंवा चिकू यांचा गर सकाळी दुधाशिवाय फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. केळ्याचा गर काळसर पडतो, म्हणून त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद दाबून बसवावा म्हणजे हवा लागत नाही. लिंबू पिळायचा मोह टाळावा, पुढे दूध घालायचे आहे. चिकूच्या गराला हा त्रास फारसा नाही, त्यामुळे पर्याय असेल तर चिकूच घ्यावा. बिस्किटे पिशवीत भरून लाटण्याने आधीच भरड करून हवाबंद डब्यात ठेवता येतात. मुले जमली की गर आणि गार दूध तीन-चार खेपांत फिरवावे आणि भांडे दर खेपेला निम्मेच भरावे, कारण गार दूध फेसाळून दुपटीने वर येते आणि झाकणाखालून ओट्यावर उतरते. शेक पेल्यांत ओतल्यावर प्रत्येकात चमचाभर चुरा घालून एकदा ढवळावे. मुलांपैकी कुणाला दुधाची किंवा गव्हाची ॲलर्जी नाही ना, हे पालकांना आधी विचारून घ्यावे. बिस्किटांच्या काही प्रकारांत बदाम-काजूही असतात.

बारीक नळ्या मात्र आणू नयेत. तुकडे त्यात अडकतात आणि मुले जोरात फुंकर मारतात, मग शेक भिंतीवर जातो. छोटे चमचे ठेवावेत.